पाहू सर आणि संध्याकाळचा दोडका

"मला माहीत नाही" हे वाक्य आमच्या शाळेत एकच माणूस मोठ्यानं म्हणायचा, आणि तेही छाती पुढे काढून. इतर शिक्षकांना प्रश्न अडला की एकदम खोकला यायचा, फळा पुसायची आठवण व्हायची, नाहीतर विचारणाऱ्याचे वाढलेले केस दिसायचे. आमच्या जीवशास्त्राच्या सरांचं सगळं उलट. अडणारा प्रश्न आला की त्यांचा चेहरा असा उजळायचा, जणू कुणी बसायला पाट आणि पुढे पुरणपोळीचं ताट ठेवलंय. "माहीत नाही! चला, पाहू," असं म्हणेपर्यंत त्यांचा एक पाय वर्गाबाहेर पडलेला असायचा. त्यामुळे सगळा गाव त्यांना 'पाहू सर' म्हणायचा. त्यांचं खरं आडनाव विचारत कुणी आलं, तर लोक त्याला परत पाठवायचे, असे कुणी सर इथं नाहीत म्हणून.

आमचं गाव साखरखेर्ड्यापासून जवळ. सर रोज तिथून मोटारसायकलवर यायचे. अंगानं किडकिडीत, शर्टाचा खिसा मात्र कायम फुगलेला. त्यात पेनाच्या जागी भिंग, कसल्यातरी बिया, रबरबँड, आणि एकदा तर सापाची कात निघाली होती. गावात शिरताना एका गल्लीत "जय भीम", दुसऱ्या गल्लीत "राम राम" करत आणि दोन्हीकडच्या उकिरड्यांवर सारख्याच आस्थेनं नजर टाकत ते शाळेत पोचायचे. उकिरड्यावर काय उगवलंय याची त्यांना गावच्या राजकारणापेक्षा जास्त खबर असे.

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, तोही आरशाचा. सर तो पटांगणात उन्हात मांडायचे आणि आम्ही रेशनच्या दुकानासारखी रांग लावायचो. नववीत असताना त्यांनी लाल कांद्याचा जांभळा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला. मी डोळा लावला, तर आत जांभळ्या विटांची भिंत बांधलेली! माझ्या मागच्या पोरानं विचारलं, "सर, ह्या पेशी जित्या हायेत का मेलेल्या?" झालं. सरांचा चेहरा उजळला. "माहीत नाही! पाहू." त्यांनी आमच्याच डब्यातलं मीठ पाण्यात कालवलं आणि थेंब सोडला. थोड्या वेळानं आतला जांभळा रंग भिंती सोडून आकसला. मग साधं पाणी सोडलं, तर तो हळूहळू पसरून पुन्हा भिंतीला टेकला. "पाह्य बे, तहान लागली तं सुकली, पानी पेली तं टवटवीत झाली. मेलेलं असं करते का?" त्या दिवशी घरी आईनं कांदा चिरायला घेतला, तेव्हा माझा जीव उगाच कासावीस झाला.

"नाव मागाहून, आधी ओळख," हे त्यांचं दुसरं म्हणणं. गांडुळाचं शास्त्रीय नाव घोकणाऱ्याला ते ओल्या पोत्यावर गांडूळ ठेवून विचारायचे, "याचं तोंड कुठं हाय, सांग." झाडाचं पान चुरगाळून वास घेतल्याशिवाय त्या झाडाचं नाव वहीत लिहू द्यायचे नाहीत. यामुळे आमच्या वह्या मागे राहायच्या आणि हातांना नाना तऱ्हेचे वास यायचे. मुख्याध्यापक कुरकुर करायचे, पण निकाल लागला की गप्प बसायचे.

दहावीला प्रजननाचा धडा होता. हा धडा बहुतेक ठिकाणी "घरी वाचून या" या तीन शब्दांत उरकला जातो. सरांनी तो खिडक्या उघड्या टाकून, खणखणीत आवाजात शिकवला. पोरं बाकाखाली तोंड घालून हसू लागली, आम्ही मुली वहीत काहीतरी खरडू लागलो. सर थांबले. "हसून घ्या, दोन मिनिटं देतो. मंग सांगा, यातलं काय झालं नसतं तं तुमी इथं हसायले आले असते?" वर्ग हसला आणि नंतर निमूट ऐकू लागला. पण उघड्या खिडक्यांमुळे धडा गावभर झाला आणि फिरत फिरत आमच्या घरी पोचला. बाबांनी जेवताना एवढंच विचारलं, "तुमचे सर पोरींयले हे शिकवतात?" आई म्हणाली, "पुस्तकातच हाय म्हने." बाबा पुढे काही बोलले नाहीत, आणि बाबा बोलले नाहीत की ते जास्त वाईट असायचं.

मला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. त्यासाठी चिखलीला होस्टेलवर राहावं लागणार होतं. घरापासून जवळ फक्त आर्ट्स, आणि तिथं नाव घातलं की निम्मा वेळ शेतात, निम्मा वेळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांची वाट पाहण्यात, हे मला आधीच्या मुलींकडून कळलेलं होतं. बाबा तयार नव्हते. त्यांचा राग शिकण्यावर नव्हता, भीती वेगळीच होती. "सायन्स अवघड असते. नापास होऊन वापस आली तं लोक काय म्हनतीन? गाव बोलते, बाई. आपल्याले ऐकू येत राह्यते." त्यापुढे त्यांच्याशी वाद घालायची सोय नसे. दहावीची परीक्षा संपली आणि मी रडून रडून डोळे सुजवून घेतले.

त्याच उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या शेडनेटात दोडका बिघडला. बाबा भाजीपाला करणारे, मेहनती. आदल्या वर्षी त्यांनी जाळीचं शेडनेट उभारून आत मिरची लावली होती आणि ती झकास आली होती. यंदा दोडका लावला. एकसुद्धा किडा आत येऊ नये म्हणून त्यांनी जाळीचं बारीकसं भोकसुद्धा दाभणानं शिवून टाकलं, दाराला दुहेरी पडदा लावला. वेल मांडवभर गेला, पिवळ्या फुलांनी लदबदला, आणि दोडका मात्र एक नाही. करंगळीएवढं व्हायचं, पिवळं पडायचं, गळायचं. बाजूच्या उघड्या शेतात काकाच्या कुंपणावरचा दोडका मात्र माणसाच्या हाताएवढा लोंबत होता. कृषी केंद्रातून फूलगळीचं औषध आलं. मग आजूबाजूच्यांनी नजर लागल्याचं निदान केलं आणि नेटाच्या दारावर काळी बाहुली टांगली गेली. बाहुलीनंही काही केलं नाही.

अशात पाहू सर माझी बाजू मांडायला घरी आले. चहा झाला. सर म्हणाले, "भाऊ, पोरगी हुशार हाये. जीवशास्त्रात तिचं डोकं चालते. धाडा तिले चिखलीले."

बाबा आधीच वैतागलेले. "सर, फुलाचे चित्रं काढून कोनाचं भलं झालं? तुमचं शास्त्र एवढं खरं असन, तं माह्या दोडक्याले फळ आनून दावा. मंग बोलू पोरीचं."

सर मात्र खुशीत. "काऊन फळ धरत नाही?"

"थेच तं तुमाले विचारून राह्यलो!"

"माहीत नाही," सर म्हणाले, "उद्या रविवार हाय. सकाळीच येतो, पाहू."

आले ते नववीची सगळी पोरं घेऊन. जाळी पाहताच त्यांनी मांडीवर थाप मारली. "भाऊ, मिरचीचा संसार एकाच फुलात असते. नवरा-बायको एकाच घरात, थोडा वारा लागला तरी भागते. दोडक्याचं तसं नाही. नर फूल येगळं, मादी फूल येगळं. सोयरीक जमवनारी मधमाशी, पाखरू, तिले तं तुमी दाभनानं बाहेर शिवून टाकलं! आता सोयरीक आपन जमवू." पोरांनी टाळ्या पिटल्या. बाबांच्या कपाळावर आठी होती, पण ते ऐकत होते. सर मोठ्या दिमाखात फूल हातात धरायला गेले, तर फूल मिटलेलं. दुसरं मिटलेलं. तिसरं कोमेजून लुळं पडलेलं. सगळ्या मांडवात एक फूल नीट उघडं नव्हतं.

बाबा हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. "पोट्ट्यांयले फुकट उठवलं, सर." कुंपणापलीकडून काकाही हसला. मला वाटलं, संपलं, आता आर्ट्स आणि पाहुणे. सर मात्र पोरांकडे वळले आणि म्हणाले, "लिहून घ्या रे. सर चुकले. भोपळ्याचं फूल सकाळी उमलते म्हनून मी दोडक्याचंही तसंच धरलं. न पाहता बोललो म्हनून चुकलो." नववीची पोरं खरंच लिहून घेऊ लागली. सरांनी पोरांना घरी पाठवलं, आईकडून भाकर-ठेचा मागून घेतला आणि नेटातच गोणपाट टाकून बसले. आत भट्टीसारखा उकाडा. बाबा दुपारी दोनदा पाण्याच्या निमित्तानं डोकावून गेले.

ऊन कललं. बाहेर गुरं परतायला लागली, तशी एक कळी हलल्यासारखी वाटली. मग दुसरी. बघता बघता सगळा मांडव पिवळाजर्द झाला. "वैशाली! बाबाले बलाव!" सर असे ओरडले की बाबा धावतच आले, साप निघाला समजून. सरांनी त्यांना भिंग दिलं. घोसात आलेली नर फुलं दाखवली, त्यांच्या केसरांवरची पिवळी भुकटी बोटावर घेऊन दाखवली. मग एकटं उमललेलं मादी फूल, त्याच्या बुडाशी इवलासा, शिरा उठलेला दोडका. बाबांनी ते फूल खूप वेळ पाहिलं. आयुष्यभर भाजी पिकवणाऱ्या माणसानं भिंगातून फूल पहिल्यांदा पाहिलं होतं.

सरांनी नर फूल खुडलं, पाकळ्या मागे दुमडल्या आणि मादी फुलावर अलगद टेकवलं. मग मी केलं, मग आईनं. जिथं हात लावला तिथं देठाला लाल दोरा. एका वेलाशी बाबा म्हणाले, "हे राह्यले ना, सर."

"हे राहू द्यायचे."

"काऊन? माहं नुकसान काऊन?"

"यायले हात लावला तं उद्या गाव म्हनन, बाहुलीनं केलं. बाहुली दोन्हीकडं सारखी हाये. दोरा एकीकडंच हाये. आता पाहू."

पुढचे दिवस आमच्या घरात परीक्षेचे गेले. दहावीच्या निकालाची मला एवढी धास्ती नव्हती, जेवढी त्या लाल दोऱ्यांची. बाबा उठल्या उठल्या नेटात जायचे आणि तसेच परत यायचे. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचे, तर ते पाठ फिरवायचे. मग एका सकाळी त्यांची हाक आली, ती दोन शेतं ओलांडून. मी अनवाणी पळाले. बिनदोऱ्याचं एकूण एक फळ पिवळं होऊन खाली पडलं होतं आणि लाल दोऱ्याचे दोडके हिरवेगार, टणक, हाताएवढे लोंबत होते. बाबा मांडवाखाली उभे राहून प्रत्येक दोडक्याला हात लावत होते. काका कुंपणापलीकडून काहीतरी विचारत होता आणि बाबा, ज्यांनी त्या धड्यावरून जेवण गप्प गप्प केलं होतं, ते काकाला खणखणीत आवाजात नर कोणता, मादी कोणती, सांगत होते. मी हसत होते आणि रडतही होते.

त्या दिवसापासून बाबा रोज संध्याकाळी फुलं टेकवायचे. पुढे त्यांनी जाळीचे पडदे उघडून मधमाश्यांची पेटीच आणून ठेवली. काळी बाहुली पहिल्या पावसाळी वाऱ्यात उडून गेली, ती कुणी शोधली नाही. आणि जूनमध्ये बाबा स्वतः मला घेऊन एसटीनं चिखलीला गेले. कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसानं "कोणती शाखा?" विचारलं, तेव्हा माझ्याआधी तेच म्हणाले, "सायन्स. जीवशास्त्र घेऊन."

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मी भौतिकशास्त्रात आपटले. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पुन्हा पाह्य." एवढंच. मला तेव्हा त्याचं फार नवल वाटलं होतं. पुढे मी बी.एस्सी. झाले, आणखी शिकले, आणि आता चिखलीतल्या एका लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या पेशी पाहते. आमच्या गावातून माझ्यानंतर सायन्सला गेलेल्या मुली आता मोजायची वेळच येत नाही, इतकं ते नेहमीचं झालंय.

यंदा पाहू सर निवृत्त झाले. शाळेच्या पटांगणात मंडप, शाल, श्रीफळ, भाषणं. सगळे सरांना ज्ञानाचा सागर म्हणत होते आणि सर खुर्चीत अवघडून बसले होते. शेवटी सूत्रसंचालकानं विचारलं, कुणाला बोलायचं आहे का. मंडपाच्या टोकाशी बाबा उठले. बाबांनी जन्मात माईक हातात धरला नव्हता.

"लोक म्हनतात, दोडक्याले फळ धरलं म्हनून यानं पोरीले चिखलीले धाडलं," बाबा म्हणाले. "खोटं हाये. मी सातवीत गनितात नापास झालो होतो. गाव हसलं, तवा लाजून शाळा सोडली. माह्या बायकोलेही हे मी कधी सांगतलं नाही." बाबांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "त्या रविवारी फुलं मिटलेले निंघाले. आम्ही हसलो. या मानसानं आमच्या डोयासमोर, पोट्ट्यांयसमोर सांगतलं, मी चुकलो, लिहून घ्या. अन् दिवसभर तिथंच बसला. मी दुपारी पानी घेऊन गेलो, तवाच ठरवलं होतं. म्हटलं, चुकल्यावर मानूस जिथं पळून जात नाही, उलटा गोनपाट टाकून बसते, तिथंच माही पोरगी शिकीन. दोडके तं मागून आले."

सरांनी चष्मा काढला आणि शालीनं डोळे पुसले. बाबा माईक हातात धरून तसेच उभे होते, तो कुणाला परत द्यायचा हे त्यांना कळत नव्हतं. मंडपातल्या सगळ्यांच्या आधी मी उभी राहिले आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.