भांडी धुवायचं मशीन आणि माझं बोरीला जाणं

वालूरच्या आमच्या घरात आम्ही दोघी सुना, आणि कामाच्या वाटण्याही दोनच. थोरल्या जाऊबाईंकडे चूल, माझ्याकडे मोरी. चुलीवरचे हात खरकट्यात घालायचे नाहीत आणि खरकट्यातले हात पिठाला लावायचे नाहीत, हा सासूबाईंचा नेम होता. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून घरातली सगळी भांडी मीच घासत होते. मला त्याचं फार वाईट वाटायचं नाही. मोरी मागच्या अंगणात होती, तिथं कुणी बोलायला यायचं नाही, आणि मला माणसांशी बोलायची भीती होती. सासरे दिसले की मी दाराआड व्हायची. सासूबाईंना काही सांगायचं तर आधी मनात वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत त्या गोठ्यात निघून गेलेल्या असायच्या.

एका हिवाळ्यात बोरीहून भावाचा निरोप आला. आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि जिंतूरला डोळ्यांचं शिबिर भरणार होतं. भावजय बाळंतपणाला तिच्या माहेरी गेलेली, भाऊ दिवसभर रानात. ऑपरेशन झाल्यावर आईनं वाकायचं नाही, धुरात बसायचं नाही, डोळ्यात औषध घालायला माणूस पाहिजे. तर बहिणीला थोडे दिवस पाठवा, असं त्यानं कळवलं होतं.

सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत. आईच्या डोळ्याचं काम आहे, पोरीनं जायलाच पाहिजे, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. फक्त मग भांडी कोण घासणार, एवढंच त्यांनी विचारलं. या प्रश्नावर घरातली सगळी माणसं विचारात पडली आणि विचार करतच झोपली. दुसऱ्या दिवशी कुणी विषय काढला नाही. मी मोरीवर बसून रोज एकदा तरी रडायची. आईला ऑपरेशनची धास्ती होती. मी आले नाही तर ती शिबिराला जाणारच नाही, हे मला ठाऊक होतं.

त्याच दिवसांत आमचे धाकटे दीर आखातातून सुटीवर आले. ते तिकडे एका कंपनीत मिस्त्री होते. त्यांचा गोरा साहेब नोकरी सोडून आपल्या देशी परत चालला होता, जाताना त्यानं घरातलं एक यंत्र यांना देऊन टाकलं. ते लाकडी पेटीत घालून जहाजानं मुंबईला आणि तिथून ट्रकनं परभणीला आलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा बंद होता, म्हणून पेटी परभणीतच अडकून पडली. शेवटी ट्रॅक्टरमध्ये घालून ती वालूरला आणली तेव्हा अर्धी गल्ली ट्रॅक्टरच्या मागं चालत होती. तिजोरी आली असं सगळ्यांना वाटलं. सासूबाईंनी पेटीतून निघालेल्या पांढऱ्या कपाटाला हळदकुंकू लावलं, आणि मग दिरांनी सांगितलं की हे भांडी धुतं.

त्यांनी दार उघडून दाखवलं. आत तारेची दोन तबकं होती, एक वर, एक खाली. यात भांडी लावायची, पूड टाकायची, दार लावायचं, बटन दाबायचं, झालं. सगळ्यांचं बघून झाल्यावर ते दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुमी आता खुशाल बोरीला जा."

मी दाराआडच उभी होते. त्या क्षणी मला त्या कपाटाची अशी माया आली की सगळे पांगल्यावर मी त्याच्यावरून हात फिरवला.

यंत्राला नळ लागतो. आमच्याकडे आड होता. दिरांनी माळवदावर लोखंडी घोडा उभा केला, त्यावर ड्रम ठेवला आणि तिथून नळी खाली आणली. ड्रम मात्र आपोआप भरणार नव्हता. आडाचं पाणी शेंदायचं, घागर घेऊन शिडी चढायची आणि ड्रमात ओतायची, हे काम भांड्यांचंच धरलं गेलं, म्हणून माझ्याकडे आलं. मोरीत ज्या कामाला दोन बादल्या लागायच्या, त्यासाठी आता मी माळवदावर चढत होते. यंत्र पाणी तापवायला लागलं की आमचे आणि शेजारचे दिवे मंद व्हायचे आणि शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "झाली का जेवणं?"

जाण्याआधी दिरांनी नीट वापरायचे नियम समजावून सांगितले. भांडी एकाला एक चिकटवायची नाहीत. वाट्या पालथ्या घालायच्या. मोठी पातेली, तवा, परात यात बसत नाहीत, ती बाहेरच घासायची. आणि सगळ्यात मोठा नियम असा की अर्धं रिकामं यंत्र चालवायचं नाही, पाणी आणि लाईट वाया जाते. भरलं तरच चालवायचं. एवढं सांगून ते परत गेले.

पहिला घोळ तबकांचा झाला. सासूबाईंनी पुरुषांची ताटं वर आणि बायकांची खाली लावायला सांगितली, कारण आमच्या उष्ट्याचं पाणी पुरुषांच्या ताटांवर ठिबकायला नको. मग कुणीतरी दार अर्धवट उघडून बघितलं तर पाणी खालून वर उडत होतं. बायकांची ताटं वर नेली. तर आता ते पाणी खाली ठिबकणार. सासूबाई बराच वेळ यंत्रापुढं पाटावर बसून राहिल्या. शेवटी त्यांनी मार्ग काढला. उष्टं आत जाऊच द्यायचं नाही. सगळी भांडी मोरीवर राखेनं घासून, धुऊन, मगच यंत्रात लावायची. आणि बाहेर काढल्यावर परत एकदा साध्या पाण्यातून काढायची, कारण ती पूड कशाची आहे कुणाला माहीत.

म्हणजे जी भांडी मी एकदा धूत होते ती आता तीनदा धुतली जायला लागली, आणि त्यातली मधली एकच वेळ माझी नव्हती.

दुसरा घोळ भरण्याचा. आमची घरातली ताटं-वाट्या लावून झाल्या तरी यंत्र अर्धं रिकामं राहायचं. दुसऱ्या जेवणापर्यंत थांबायचं म्हटलं तर भांडी रात्रभर पडून राहणं सासूबाईंना चालायचं नाही. मी ती आधीच घासलेली असायची, पण ती यंत्राची भांडी होती, यंत्रातून निघाल्याशिवाय त्यांच्या लेखी ती धुतलेली नव्हतीच. म्हणून यंत्र संध्याकाळच्या आत भरायचं ठरलं. दारावरून जाणाऱ्याला सासूबाई हाक मारायला लागल्या. पोस्टमन जेवून गेला. औत मागायला आलेला माणूस जेवून गेला. एक लांबचे नातेवाईक नुसती वाट विचारायला थांबले होते, त्यांना भाकरी, पिठलं आणि वर दोन वाट्या ताक दिलं, कारण वरच्या तबकात वाट्यांचीच जागा उरली होती.

जाऊबाई भाकरी थापून थापून टेकीला आल्या. एकदा त्या तवा आपटून म्हणाल्या, "हे भांडी धुवायलंय का भांडी पैदा करायलंय?"

यंत्र कुणाला कळतं, तर मला. चौथीपर्यंत शिकल्यामुळे नव्हे, त्यावरची भाषा मला कुठून येणार. पण बटनांवर चित्रं होती आणि मला चित्रं बघत बसायला वेळ होता. त्यामुळे बोरीचा विषय निघाला की सासूबाई आता वेगळं म्हणायच्या. आधी भांडी कोण घासणार म्हणायच्या, आता मशीन कोण लावणार म्हणायला लागल्या. मला सोडवायला आलेल्या कपाटानंच मला बांधून घातलं होतं, आणि शिबिर जवळ येत चाललं होतं.

यातून वाट निघाली ती सासऱ्यांमुळे. त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. विजेची मोटार यायच्या आधी विहिरीवर ऑइल इंजिन होतं आणि ते मामंजी चालवायचे. मोटार आल्यावर त्यांना करायला काही उरलं नव्हतं. यंत्राचा घुर्रर्र आवाज ऐकून ते आधी ओसरीवरून आत डोकावायला लागले, मग खुर्ची घेऊन त्याच्यापुढं बसायला लागले. आवाज बदलला की म्हणायचे, आता खंगाळायलंय. मग एक दिवस त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतः तारेत उभं केलं. सासूबाईंनी आधी जाऊन रस्त्याकडचं दार लावलं, मग कपाळावर हात मारला. सासऱ्यानं भांडी धुणं कुणी पाहिलं तर काय म्हणेल गाव.

मामंजी शांतपणे म्हणाले, "मी काय भांडी धुवायलो न्हाई. मी मशीन चालवायलोय."

दुसऱ्या दिवसापासून यंत्र त्यांचं झालं. भांडी कशी लावायची, कुठली वाटी कुठं, हे ते ठरवायला लागले. आणि त्यांची शिस्त सासूबाईंपेक्षा कडक निघाली. एकदा ताटाच्या काठाला चिकटलेला डाळीचा कण त्यांना दिसला. इंजिनात कचरा गेला की इंजिन बसतं, असं म्हणून त्यांनी सांगितलं की ज्यानं खाल्लं त्यानंच आपलं ताट राखेनं घासून, धुऊन, त्यांच्या हातात द्यायचं. बाईमाणसानं चुकून एखादा कण ठेवला तर दोष कुणाला द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून माझे मालक, थोरले भाऊजी, जेवायला आलेले पाव्हणे, सगळे जेवून उठले की आपापलं ताट घेऊन मोरीवर रांगेत बसायला लागले. औतवाला परत कधी औत मागायला आला नाही.

हे सगळं शिबिराच्या आधीच्या आठवड्यात चाललं होतं. मी मोरीवर जायची तर तिथं जागाच नसायची. मी माळवदावर पाणी भरायची आणि वरून बघायची.

मग आखाती पूड संपली. सासूबाईंना त्या पुडीचा पहिल्यापासून संशय होता. त्यांनी गोवऱ्यांची राख फडक्यातून चाळली, रव्यासारखी बारीक केली, आणि मामंजी देवपूजेला बसले असताना पुडीच्या कप्प्यात दाबून भरली. भांडी राखेनंच निघतात, त्यात त्यांचं काय चुकलं. यंत्र सुरू झालं, थोडा वेळ चाललं, मग म्हशीला उचकी लागावी तसा आवाज करून थांबलं. पाणी आतच राहिलं. दार उघडलं तर आत साठलेलं करड्या रंगाचं पाणी चुलीपर्यंत गेलं. ताटं अशी निघाली की जणू होळीतून काढली.

मामंजींनी खाली बसून नळ्या सोडल्या, फुंकून बघितल्या. आतून राखेचा लगदा निघाला. कुणी टाकली, हे त्यांनी विचारलं नाही. सासूबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि बराच वेळ पाणी घालत राहिल्या. पुढच्या सुटीत धाकटा आल्यावर बघेल, एवढंच मामंजी म्हणाले.

त्या दिवशी दुपारी जेवणं चालू असताना भाऊ मला न्यायला आला. शिबिर परवावर आलं होतं. मधे परत पुकारलेला बंद उठला होता, उद्याची एस.टी. नक्की होती. सासूबाईंनी त्याला पाट दिला, पाणी दिलं आणि सांगितलं की मशीन बंद पडलंय, आता तर हिला सोडणं जमायचंच नाही. भाऊ खाली बघत पाणी प्यायला. तो माझ्यासारखाच, त्यालाही बोलणं जमत नाही.

मी दाराआड होते. समोर माझे मालक जेवून उठले, आपलं ताट घेऊन मोरीवर गेले, राख लावून घासलं, धुतलं आणि घेऊन आले. त्यांच्या मागून थोरले भाऊजी. यंत्र बंद होतं तरी सवयीनं सगळ्यांनी ताटं धुतली आणि मामंजींच्या पुढं ठेवली. मामंजींनी एकेक ताट उजेडात धरून बघितलं. मी ते बघत होते आणि माझं वाक्य आपोआप जुळलं. मी दाराबाहेर आले आणि सासूबाईंना म्हणाले,

"आत्याबाई, भांडी तर धुतलेलीच हायत."

माझा आवाज सगळ्या बैठकीत गेला. सासऱ्यांसमोर मी पहिल्यांदा बोलले होते. सासूबाईंनी एक ताट उचललं, उलटंपालटं करून बघितलं, बोट फिरवलं. मग दुसरं उचललं. त्या कुठं चूक सापडते का बघत होत्या.

"अन् काळी भांडी?" त्या म्हणाल्या. "तवा, कढई, पातेली? ती कोण घासतंय?"

खरंच, ती कधी यंत्रात जातच नव्हती. माझं वाक्य एवढंच होतं, पुढचं मी जुळवलं नव्हतं. भाऊ उठायला लागला.

मामंजींनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि विचार करून म्हणाले, "मशीन दुरुस्त होईस्तवर तीबी मशीनचीच धरा, मशीनचं काम मी करतो. त्याला काय होतंय."

सासूबाई रस्त्याकडचं दार लावायला उठल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "लुगडी दोनच ने. अन् डोळा उघडला की लगेच ये."

आईचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती बोरीच्या घरात उताणी पडून असायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोकायचं नाही, वाकायचं नाही, रडायचं नाही, हसायचं नाही, टाके तुटतील. पहिल्याच दुपारी मी तिला भात भरवत होते तेव्हा तिनं काळजीनं विचारलं, तू इकडं आलीस, तिकडं भांडी कोण घासायलंय.

मी म्हणाले, "मामंजी."

आईचं पोट हलायला लागलं. मी घाबरून तिचे दोन्ही खांदे धरले. ती ओठ आवळून पडून राहिली, श्वास जागेवर आला तेव्हा म्हणाली, पुढचं सांगू नकोस. मी नाही सांगितलं. टाके काढायच्या दिवसापर्यंत आम्ही दोघी फक्त कापसाच्या भावाबद्दल बोललो.