तार ओढणारी सुजाता

सुजाता गेल्याचं तिच्या भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका दुकानाच्या गच्चीवर होते. खालून दुकानदार नेट कधी चालू होणार म्हणून विचारत होता. ‘ताई, आक्का गेली,’ एवढंच तो म्हणाला, आणि मी ‘बरं’ म्हटलं. असल्या वेळी तोंडून ‘बरं’ का निघतं, कोण जाणे... हातातलं काम पुरं केलं, खाली नेट सुरू झाल्याची खात्री केली आणि मग जिन्यातच बसून राहिले.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिला दवाखान्यात भेटले होते. आजारानं ती पार वाळली होती, बोलताना धाप लागत होती. तरी माझ्याकडं तिची पहिली तक्रार होती ती वॉर्डातल्या वायफायची. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला पुण्यातल्या लेकीचा चेहरा धड दिसत नव्हता, मधेच चित्र थांबायचं. ‘वासे,’ ती मला म्हणाली, ‘त्यो वायफायचा डबा लोखंडी कपाटामागं ठेवलाय बघ. तेवढा भायेर काढाय सांग की.’ मी नर्सबाईंना सांगितलं, त्यांनी तो कपाटावर ठेवला. म्हातारी लेकीशी बोलत बसली आणि सुजाता भिंतीकडं तोंड करून शांत झोपली. आमचं शेवटचं बोलणं हे असं, कामाचंच झालं.

आमची ओळख पॉलिटेक्निकमधली. मी पेठ वडगावची, घरी म्हशी आणि दूध. ती नृसिंहवाडीच्या अलीकडच्या, नदीकाठच्या एका गावातली. वडील गवंडीकाम करायचे. दोघींनी नोकऱ्या करून पाहिल्या आणि मग तिनंच एक दिवस विषय काढला, आपण लोकांना इंटरनेट द्यायचं. कोल्हापुरात तेव्हा हे काम करणाऱ्या बाया आम्ही तरी पाहिल्या नव्हत्या. खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन आम्ही गच्च्यांवर चढायचो. एका घरमालकानं जिन्यातच अडवलं, ‘पावणं, माणूस कुठाय तुमचा?’ सुजाता म्हणाली, ‘आमीच हाय की. शिडी धरा जरा.’ आणि त्यानं खरंच शिडी धरली.

तार की हवा, यावरून आमचं नेहमी वाजायचं. मला बिनतारी काम आवडायचं. दोन गच्च्यांवर समोरासमोर दोन डिश लावल्या की झालं. रस्ता खोदायला नको, खांबासाठी परवानगी नको. तिचा जीव तारेत. हवेत काय बिघडलं ते हाताला लागत नाही, तार निदान चाचपता येते, असं ती म्हणायची. वडगावला आमची जी डिश होती, तिच्या वाटेत एक पिंपळ वाढला. पालवी फुटली की तिकडचं नेट मंद व्हायचं. मी फांदी तोडू म्हटलं. ती त्या झाडाखाली चपला शिवत बसणाऱ्या माणसाकडं बघत राहिली आणि म्हणाली, ‘ह्याची सावली जाईल.’ मग आम्ही डिशचा खांबच पलीकडच्या घरावर हलवला. दिवसभर उन्हात राबून.

मग पुराचं ते वर्ष आलं. तिच्या गावापर्यंत आम्ही फायबरची तार नेली होती, पुलाच्या कडेनं. पाण्यानं ती नेली. मोबाइलचा टॉवर बंद, वीज बंद. गावातली माणसं उंचावरच्या शाळेत अडकलेली, तिचे वडीलही गावातच होते. तिची आई माझ्या घरी होती; ताटावर बसायची आणि तशीच उठायची. बाबा शाळेत पोचलेत की घरातच राहिलेत, तेही कुणाला माहीत नव्हतं.

सुजातानं डिश आणि बॅटरी पोत्यात गुंडाळली. ‘मी जातो नावेतनं. तू हिकडची डिश धर.’ बचाव पथकाच्या साहेबांशी ती बराच वेळ बोलत होती, शेवटी त्यांनी तिला बसवून घेतलं. मी पाण्याच्या अलीकडं, एका उंच इमारतीच्या गच्चीवर. माझ्यासोबत तिची आई. तिनं घरी थांबायला साफ नकार दिला होता. ठरलं होतं असं, की मी माझी डिश शाळेच्या दिशेला रोखून अजिबात हलवायची नाही, पलीकडून ती तिची हळूहळू फिरवत राहील. पाऊस पडतच होता. दुपार कलली तरी माझ्या डिशवरचा दिवा लागेना. नाव पोचली का, हेच मनात येत होतं, पण तिच्या आईसमोर ते बोलायचं कसं... आणि मग दिवा लागला. लागला, विझला, पुन्हा लागला आणि राहिला.

फोनवर सुजाताचा आवाज आला. ‘बाबा हाईत. बरं हाईत. आईला सांग.’ मी फोन आईकडं देऊ लागले तर सुजाता म्हणाली, ‘थांब, हितं लई माणसं हाईत. त्यांचं आधी हू दे.’ तिनं शाळेच्या व्हरांड्यात रांग लावली. कुणाचा मुलगा इचलकरंजीत, कुणाची बहीण मिरजेत. अंधार पडायच्या सुमाराला वडिलांचा नंबर आला. माझ्या शेजारी आईनं फोन दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडून आवाज आला, ‘जेवलीस काय?’

आई म्हणाली, ‘न्हाय. तुमी जेवलासा काय?’

‘व्हय. खिचडी दिली. तू बी जेव आता.’

बाकी काही नाही. त्या रात्री आई जेवली.

सुजाताच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला गेले होते, तेव्हा याच आईनं माझा हात धरून बसवून घेतलं. ‘तिचं काम बंद करू नको,’ म्हणाली. दुसरं काय सांगणार होती.

परवा पेठेच्या कोपऱ्यावर एका ट्रकनं खांब पाडला. आमची फायबर तुटली, आता नवी ओढावी लागणार म्हणून मी शिडी लावून पलीकडच्या खांबावर चढले. वर सुजातानं बांधून ठेवलेलं जास्तीच्या तारेचं वेटोळं होतं. खांबाखांबावर ती असं ठेवायची, तार तुटली तर ओढून घेता यावी म्हणून. तार वाया घालवतेस म्हणून मी बडबडायची, ती ऐकून घ्यायची आणि ठेवायची. मी ते सोडलं. तार पुरली. जोड दिला, नेट सुरू झालं, खाली लोक आपापल्या कामाला लागले. उतरायच्या आधी मी थैलीतून नवी तार काढली, आणि सुजाताचं जेवढं असायचं तेवढंच वेटोळं करून तिथं बांधून ठेवलं.