सोनीबाईचं झाकलेलं दुखणं

प्रेम जन्मला तो कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत. सोनीबाई ओली बाळंतीण असतानाच गाठोडी डोक्यावर घेऊन शेतातून येऊ लागली. एके दिवशी बांधावर गाठोडं उतरवताना ओटीपोटातून काहीतरी खाली सरकलं. घरी आल्यावर आडोशाला जाऊन तिनं हात लावून पाहिलं. मांसाचा मऊ गोळा बाहेर आला होता. तिनं तो आत ढकलला, जुन्या कापडाची चिंधी घट्ट बांधली आणि चुलीपाशी येऊन बसली. कोणाला सांगणार? सांगायची गोष्ट होती का ती?

महागावच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत तिचा तांडा. तिथं वर्षं अशीच गेली. खोकला आला की लघवी सुटायची, म्हणून तिनं लग्नकार्यात जाणं सोडलं. बायका म्हणायच्या, सोनीबाईला भाव चढला. ती रात्री जवळ येऊ देईना, म्हणून नवरा रामलाल आधी भांडला, मग त्यानं खाट अंगणात नेली. त्यानं कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

प्रेम मोठा होऊन ट्रकवर लागला, बबिता सून होऊन घरात आली. त्या हिवाळ्यात एका सकाळी सोनीबाईची लघवीच अडली. ती जमिनीवर लोळायला लागली तेव्हा बबितानं कपडे सोडवले आणि सगळं पाहिलं.

"याडी, हे कवापासून होय?"

"प्रेम झाला तवापासून."

बबिता सासूला याडी, म्हणजे आईच म्हणायची.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. गर्भाशय आणि लघवीची पिशवी दोन्ही खाली आली होती. ऑपरेशन करावं लागणार, पण घासून झालेल्या जखमा आधी भरायला हव्या होत्या. तोवर आतल्या स्नायूंचा व्यायाम शिकायला तिला अपेक्षा नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

पडद्याआड अपेक्षा समजावून सांगायची, "मावशी, लघवी मधातच अडवायची असली तर जसं आवळाल, तसं आवळा. श्वास रोखू नका. मग सैल सोडा."

सोनीबाईला काही जमेना. ती पोट आवळायची, मांड्या आवळायची, दातसुद्धा आवळायची. शरीराच्या त्या भागाकडं तिनं जन्मभर लाज म्हणूनच पाहिलं होतं. तो आपलं ऐकेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. मग एकदा अचानक नेमकं तेच आवळलं गेलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"दुखलं का, मावशी?"

"नाही, म्याडम. मले वाटे, ते मरून गेलं."

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी अपेक्षा खाटेपाशी आली. कुशीवर वळून कसं उठायचं, खोकायच्या आधी कसं आवळून धरायचं, हे तिनं करून घेतलं. शौचाला जोर लावायचा नाही, असंही बजावलं. मग रामलालकडं वळून म्हणाली, "काका, तीन महिने यांनी हंडा उचलायचा नाही. नंतरही जड काम नको."

"ऑपरेशन तं झालं ना? मंग कायले?"

"आतले टाके भरायला वेळ लागतो. पाणी तुम्ही आणा."

रामलाल गंमत ऐकल्यासारखा हसला.

पाणी बबितानं आणलं, पोटुशी असूनसुद्धा. तिला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच झालं. मुलगी झाली. उन्हाळा लागला, तांड्यातला नळ आटला, विहीर लांब. प्रेम पांढरकवड्याच्या पुढं ट्रकवर. रामलालनं एक-दोनदा सायकलला कॅन बांधून पाणी आणलं. पारावरची माणसं हसली, तसं त्यानं सोडून दिलं.

मग एका सकाळी सोनीबाईला दिसलं, बबिता कंबर धरून भरला हंडा उंबऱ्यातून आत आणत होती. सोनीबाईनं तो तिच्याकडून हिसकावला.

"याडी, तुमचे टाके!"

"माहं व्हायचं ते होऊन गेलं. तू आत जाय, पोरीले पाज."

उन्हाळाभर तिनं पाणी वाहिलं. प्रत्येक वेळी हंडा उचलायच्या आधी शिकवल्याप्रमाणं आवळून धरायची. तरी मृगाच्या तोंडावर तिला पुन्हा तोच जडपणा जाणवला. आता हात लावून पाहायची गरज नव्हती.

"मावशी, सांगितलं होतं ना मी?" यवतमाळच्या दवाखान्यात अपेक्षा म्हणाली.

"सांगतलं होतं. पण सून ओली बाळंतीण होती, म्याडम. थे उचलून राह्यली होती."

डॉक्टरांनी आधाराला आत रिंग बसवली. पुन्हा ऑपरेशन करायचं की नाही ते पुढं पाहू, म्हणाले. निघताना सोनीबाईनं सोबत आलेल्या बबिताला पडद्याकडं ढकललं. "आता इले शिकवा." आणि नातीला मांडीवर घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली.

त्या संध्याकाळी अंगणात, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं रामलालला आपल्या दुखण्याचं नाव सांगितलं. किती वर्षांचं आहे तेही सांगितलं. तो उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सायकलला कॅन बांधले. आता कधी तो पाणी आणतो, कधी आणत नाही. तो आणत नाही त्या दिवशी सोनीबाई जाते. बबिताला मात्र ती हंड्याला हात लावू देत नाही.