आबांची अँजो

पुण्याच्या स्टँडवर बायकोने चौथ्यांदा बजावले, "जपून." दोन महिन्यांपूर्वी माझ्या हृदयाच्या चोंदलेल्या नळीत फुगा घालून रस्ता मोकळा केला होता. मग विश्रांती. पण माझ्या पायाला भिंगरी, घर खायला उठले होते. कालव्याच्या कचेरीत पंचवीस वर्षे सोबत काढलेल्या आबांकडे, निरवांगीला, चार दिवस राहायचे ठरवून मी बारामतीची एसटी धरली.

बारामतीला केळी खाल्ली, बघत मात्र होतो शेजारच्या गाडीवरच्या भज्यांकडे. निरवांगीची गाडी चुकली होती. वाट बघणे जमत नाही, म्हणून समोर दिसलेल्या इंदापूरच्या गाडीत बसलो. तिथून वडाप (खच्चून भरलेली जीप) मिळाले आणि उगाच लांबच्या रस्त्याने, अंग आंबवून, निरवांगीला पोचलो.

आबा उसात दारे धरत (पाणी सोडत) होते. घराकडे येताना तीनदा थांबले. तिन्हीदा मलाच रान दाखवायला थांबल्यासारखे केले.

"आबा, छातीत दुखत होतं ना?"

"व्हय. पर आता काळजी न्हाय. तुमच्यावानी माझी बी अँजो झाली की चार महिन्यामागं."

घरी वहिनींनी बाजरीची भाकरी वाढली. अँजो झालेला माणूस तीनदा थांबतो कसा, म्हणून मी विचारले.

"फुगा घातला का?"

"फुगा कसला? मांडीतनं नळी घातली, टीव्हीवर काळीज दावलं. दुसऱ्या दिशी घरी."

इकडच्या बोलण्यात तपासणीही (अँजिओग्राफी) अँजो आणि इलाजही (अँजिओप्लास्टी) अँजोच. वहिनींनी खुंटीवरची पिशवी काढून दिली. आतल्या इंग्रजी कागदाची शेवटची ओळ मी दोनदा वाचली: दोन नळ्या चोंदल्या आहेत, या दवाखान्यात फुग्याची सोय नाही, त्वरित पुण्यास न्यावे. हे मराठीत सांगायला कुणालाच सवड झाली नव्हती. माझा संताप झाला.

"म्हंजी, नुसता फोटूच काढला?" आबा म्हणाले.

चार दिवस राहणे बाजूलाच राहिले. दुपारच्या गाडीने तिघे पुण्याला निघालो. मघाशी उसात उभा असलेला माणूस कागद कळल्यावर एसटीच्या पायरीवर अडला. मी हात दिला.

माझा आजार आणि आबांचा आजार एकच. मला रिक्षाने दवाखान्यात नेले, बघणे आणि दुरुस्ती एकाच टेबलावर झाली. आज सकाळी त्याच दवाखान्यात आबांना आत नेताना त्यांनी विचारले, "तुमी हितं ऱ्हाता म्हनूनच वाचलात, व्हय?"

मी होय म्हणालो. लाज वाटली. दीड तास झाला, दार अजून बंद आहे, आणि वहिनी मला तिसऱ्यांदा सांगताहेत, "बसा की भाऊजी."