नदीकाठाची रेघ

नव्वदची सालं सरत आली होती तेव्हा मी बोरगाव मेघेतल्या एका नकाशांच्या ऑफिसात दिवसभर माउस फिरवायची. विमानातून काढलेले काळे-पांढरे फोटो स्क्रीनवर घ्यायचे नि नदीच्या काठाकाठानं रेघ ओढायची. जुन्या फोटोची एक, नव्याची एक. दोन्हींच्या मधली जागा म्हणजे खचलेला काठ. मनगट आणि डोळे, दोन्ही कामातून गेले होते.

म्हणून साहेबांनी प्रोग्राम आणला तेव्हा, खरं सांगते, मला हायसं वाटलं. तो मुळात समुद्रकिनाऱ्यासाठी केलेला. उजळ दिसेल ती वाळू, काळं दिसेल ते पाणी, मधली रेघ तो आपोआप ओढणार. आता वर्धा नदीला समुद्र समजायचं! बोलणार कोण?

नेमका त्याच दिवशी धाकटा भाऊ देवळीहून एसटीनं आला. आमचं वावर नदीला लागून. त्याला तिथं विहीर खणायची होती, अगदी काठाशी, पाणी लवकर लागतं म्हणून. घराची सगळी भिस्त त्या विहिरीवर राहणार होती. काठ टिकेल का, एवढंच विचारायला तो आला होता.

मी आमच्या वावराचा फोटो लावला. प्रोग्रामनं रेघ ओढली ती वावर ओलांडून पार पलीकडच्या पांदणीच्या वाटेपर्यंत. आमची नांगरलेली, ओली, काळीभोर जमीन त्यानं पाणीच धरली. मी कपाळावर हात मारला, भाऊ पोट धरून हसला.

"ताई, माह्या वावरातच नदी आहे म्हन्ते हे, तं मंग विहीर कायले खंदू मी?"

ती रेघ पुसून मी त्याच्यासमोर हातानं नीट काढली. जुन्या फोटोत काठाला बाभळींची रांग होती, नव्यात ती नव्हतीच. "हे पाह्य, नदी इकडंच सरकून राह्यली. मांगं, पांदणीकडल्या धुऱ्याकडं खंद नं बाप्पा!"

पण पालथ्या घड्यावर पाणी. "तुही मशीन पहिलेच खोटं बोलली. आता तिच्यावर कोन इस्वास ठेवते?"

अरे, मशीन नाही, ही मी काढली, मी! सांगून सांगून घसा कोरडा पडला.

विहीर काठाशीच झाली. पाणी भरपूर लागलं, गहू पिकला, वर टोमणे मलाच. मग पुरांमागून पूर आले. आधी विहीर नदीत गेली, मग अर्धं वावर. मी खरी ठरले याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तोवर काळी माती आणि पाणी वेगळं ओळखायला त्या प्रोग्रामला शिकवण्यात माझी वर्षं गेली होती. नवे फोटो आले तेव्हा त्याची रेघ अगदी बरोबर पडली. काठापासून आत, पाण्यात, विहिरीचं गोल बांधकाम तेवढं उभं दिसत होतं.

भाऊ आला, स्क्रीनवरच्या त्या गोलावर त्यानं बोट ठेवलं.

"मशीन खोटं नोती बोलत, ताई," तो म्हणाला. "जराशी लवकर बोलली."