नीरफणसाचं पान

इंग्रजांच्या इमारतींच्या शैलींचा क्रम मला आजही झोपेतून उठवलंत तरी सांगता येईल. आधी नॉर्मन, जाडजूड भिंती, गोल कमानी. मग टोकदार कमानींचं गॉथिक, आणि त्यातच मध्ये खांबांवर खरीखुरी पानं कोरायची टूम. मग ट्यूडरची दबकी कमान. मग जॉर्जियन, सगळं कसं मोजूनमापून. आर्किटेक्टच्या परीक्षेसाठी मी हे परळच्या खोलीत घोकायचो. खाटेवर वडील खोकत ऐकायचे. रोज संध्याकाळी म्हणायचे, क्रम म्हणून दाखव. ते पाथरवट. जन्मभर दगडाची धूळ गिळली, ती आता छातीत बसली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

फोर्टातल्या एका गॉथिक इमारतीत, डावीकडून तिसऱ्या खांबावरचं फुटलेलं पान त्यांनी नव्यानं कोरलं होतं. साहेबानं चित्र दाखवून ओक या विलायती झाडाचं पान सांगितलं होतं. परीक्षेत माझं पान विचारतील बघ, हे त्यांचं एकच टुमणं. मला हसू यायचं.

आणि विचारलं की हो! तोंडी परीक्षेत टायवाल्या परीक्षकांनी नेमका त्याच खांबाचा फोटो पुढे सरकवला. हे पान कुठल्या शैलीतलं? खाली रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता, मुंबई आमची म्हणून लोक घसे फोडत होते. मी फोटो नीट पाहिला. ते पान ओकचं नव्हतंच. माझ्या वडिलांनी केलंय, एवढंच म्हणायचं होतं. ते जिभेवर आलं आणि मी गिळलं.

"कुठल्याच नाही, सर. अडाणी कारागिराची चूक आहे."

परीक्षक खूश झाले. मी पास झालो. थू माझ्या जिनगानीवर.

मोर्चामुळे ट्राम बंद होत्या, परळपर्यंत चालत आलो. वडील उशीला टेकून वाट बघत होते. पान विचारलं का? मी म्हटलं, विचारलं, आणि ओकचं उत्तम पान असं मी सांगितलं. तेवढंच त्यांना बरं वाटेल, असा माझा हिशेब. खोकला आवरून ते म्हणाले,

"नीरफणसाचा पान ता. आमच्या परड्यातला. तसा सांगूक काय झाला तुका?"

ओक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. चित्रातल्यासारखं कातरलेल्या कडांचं पान गावी एकच होतं, ते त्यांनी जाणूनबुजून कोरलं होतं.

पुढे ते पंधरा दिवस जगले. क्रम म्हणून दाखव, असं पुन्हा म्हणाले नाहीत.