'दुष्काळ' बँडला गोल काही जमेना

आमच्या बँडची गाणी कशीबशी चार बसली, किस्से मात्र पोतंभर साठले. बरं, गाणं सुरू केलं की लोक उठून जातात आणि किस्सा सुरू केला की चहा पाजतात. म्हणून हल्ली मी किस्सेच सांगतो!

बँडचं नाव 'दुष्काळ'. प्रकार हार्डकोर मेटल. म्हणजे इमरान ड्रमवर तुटून पडतो, सच्या गिटारचे हाल करतो आणि मी माइकमध्ये पोटातून डरकाळ्या फोडतो. शब्द मीच लिहितो. आजवर ते एकालाही कळलेले नाहीत, त्यामुळं आमची अब्रू शाबूत आहे.

*

नाव ठरवलं तेव्हा लई भारी वाटलं होतं. गुलमंडीच्या बाजारात पोस्टर चिकटवत होतो: 'आज संध्याकाळी सहा वाजता दुष्काळ!'

शेजारच्या कापड दुकानातले काका बाहेर आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पोस्टर नीट वाचलं आणि म्हणाले, "आज सहाला कशाला? आमच्याकडं दोन वर्सं झाली की येऊन!"

*

प्रॅक्टिस शहरातल्या छावणी भागात, इमरानच्या घरामागच्या खोलीत. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या होत्या, तरी आवाज कुठला राहतोय! पहिल्याच आठवड्यात दार वाजलं. शेजारच्या खाला उभ्या. आता शिव्या पडणार म्हणून मी इमरानच्या मागं लपलो.

खालांनी मला बरोबर शोधून काढलं आणि हातात गरम पेला दिला. "जोशांदा है बेटा, पी लो. परसों से सुन रई मैं, इत्ती तकलीफ में है बच्चा. घरवाले दवाखाने नै ले जारे क्या?"

मी तो कडू काढा प्यायलो. खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी डरकाळी जास्त खोल गेली. आजही कार्यक्रमाआधी मला खालांचा जोशांदा लागतो.

*

शहराच्या कडेला सच्याची नवी कॉलनी. इमारती भराभर वर गेल्या, नळाचं पाणी काही वर चढलं नाही. तिथल्या मोकळ्या प्लॉटवर आम्हाला मांडव मिळाला.

आणि काय सांगू, मांडव फुल्ल! बाया, म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे खुर्च्या धरून बसलेले. आमचं पहिलं गाणं ऐकूनही एकजणही उठला नाही! मला भरूनच आलं. माइकवर म्हणालो, "हे शहर बदलतंय, मित्रांनो!"

तेवढ्यात हॉर्न वाजला. सगळ्यांनी खुर्चीखालून बादल्या, हंडे, कळश्या काढल्या आणि मांडव रिकामा झाला. मंडळी टँकरची वाट बघत सावलीला बसली होती!

बाहेरून सच्याची आई ओरडली, "सच्या, ते ठिवून पाइप धर आधी!"

सच्यानं गिटार ठेवली आणि गेला. मी आणि इमराननं गाणं उरकलं, मग आम्हीही हंडे उचलू लागलो. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला म्हणालं, "लई चांगली पोरं हायती!"

*

आता मुख्य दुखणं. मेटलच्या कार्यक्रमात गाणं रंगलं की समोरची पोरं एकामागं एक गोल धावतात. ती फेरी लागली की बँड पास. आमच्या नशिबी ती कधीच नाही.

एका हॉलमध्ये शेवटी मीच ओरडलो, "गोल करा! गोल करा!"

लोक समजूतदार. त्यांनी खुर्च्या गोल मांडल्या आणि बसले. एकानं विचारलं, "चहा आत्ता का मीटिंग झाल्यावर?"

*

आप्पा म्हणजे माझे वडील. फर्दापूरकडचे, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. रानात चारा उरला नाही तेव्हा चुलता कळप घेऊन लांब गेला आणि आप्पा आमच्याकडं शहरात आले. एका बांधकामावर वॉचमन झाले.

एकदा म्हणाले, "रोज सांजच्याला कुठं जातो रं?"

"गातो, आप्पा."

"मग म्हण की एक."

शेजाऱ्यांचा विचार करून मी अर्ध्या आवाजातच म्हटलं. आप्पा उठले. मेंढराचा चाचपावा तसा अंगठ्यानं माझा गळा चाचपला आणि काळजीनं विचारलं, "काय गिळलंस?"

हा किस्सा मी स्वतःच सगळ्यांना सांगून हसवतो. पण तेव्हा लागलं होतं. फार काही नको होतं मला. आप्पांनी एकदा कार्यक्रमाला यावं, पोरगं काय करतं ते बघावं आणि मान खाली घालून परत जाऊ नये, एवढंच.

*

आणि आप्पा आले! एका अर्धवट इमारतीच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम होता. धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागच्या खांबाशी उभे. त्यांना बघून मी पहिल्याच गाण्याची पहिली ओळ विसरलो. कुणाला कळलं नाही, तो मेटलचा फायदा.

दुसऱ्या गाण्याला पुढची पोरं पेटली. एकमेकांना खांद्यानं धडका, ढकलाढकली, नुसता गोंधळ. मेटलमध्ये हे कौतुक असतं, पण आप्पांना कोण सांगणार?

आप्पांनी काठी खांबाला टेकवली आणि सरळ गर्दीत शिरले. मला वाटलं, आता वर येऊन कॉलर धरणार आणि घरी नेणार! पण गाणं थांबवायची हिंमत झाली नाही.

आप्पांनी दोन्ही हात पसरले. "हुर्रर्र... हुर्रर्र..." करत कडेकडेनं चालू लागले. घाई नाही, कुणाला धक्का नाही. पोरं बावचळली. मग एक त्यांच्यापुढं वळला, त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं चौघं, आणि बघता बघता अख्खं पार्किंग गोल धावायला लागलं! इमरान मागून किंचाळला, "अबे, गोल हो गया!" आणि त्यानं वेग दुप्पट केला. गाणं संपलं तरी फेरी थांबेना.

आप्पा धापा टाकत स्टेजपाशी आले. पागोट्याच्या टोकानं घाम पुसला. मी खाली वाकलो.

"बुजली व्हती समदी," ते म्हणाले. "आता लागलीत वळणाला. तू वरड बिनघोर. मी हाय इथं."